स्पेसवॉकचा सराव: पाणी काय शिकवतं आणि कुठे फसवतं

अंतराळवीरांचं प्रशिक्षण म्हटलं की गरगर फिरणारं सेंट्रिफ्यूज आणि विमानात तरंगणारी माणसं हीच दोन दृश्यं आठवतात. फोटोला दोन्ही झकास. पण विमानातली वजनरहित अवस्था एका खेपेला वीस-पंचवीस सेकंद टिकते, तेवढ्यात एक बोल्टसुद्धा धड काढून होत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये शिकायचं ते एवढंच की छातीवर भार आला की बरगड्या फुगवायच्या नादी न लागता पोटाने श्वास घ्यायचा. रशियाचं सोयूझ यान परततानाचा नेहमीचा भार ४ जीच्या, म्हणजे शरीराच्या वजनाच्या चौपटीच्या, आसपास असतो. एप्रिल २००८मध्ये सोयूझ टीएमए-११ नेमकी वाट सोडून उभ्या मार्गाने खाली आलं तेव्हा तो ८ जीच्या वर गेला होता. म्हणून ८ जीपर्यंतचा सराव हवाच. पण तो थोड्या फेऱ्यांत आटोपतो.

खरा वेळ, खरी मेहनत आणि खरी दुखणीही स्पेसवॉकच्या, म्हणजे यानाबाहेर पडून काम करण्याच्या, तयारीत असतात. आणि ही तयारी मुख्यतः पाण्यात होते. इथे फक्त तिच्याबद्दलच लिहितो आहे, कारण तिच्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते: सरावाचं प्रत्येक साधन कुठे ना कुठे खोटं बोलतं. कुठलं साधन कुठे खोटं बोलतं हे ज्याला माहीत आहे, तोच वर जाऊन नीट काम करतो.

पाण्याची कल्पना सुचली ती अपयशातून. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह जगात पहिल्यांदा यानाबाहेर गेले, बारा मिनिटं राहिले आणि परत येताना सूट इतका फुगला होता की आतली हवा सोडून दाब कमी केल्यावरच एअरलॉकमध्ये, म्हणजे यानात शिरायच्या दोन दारांमधल्या कक्षात, शिरता आलं. त्यानंतर जूनमध्ये एड व्हाइट यांचा स्पेसवॉक सहज पार पडला आणि अमेरिकेत समज झाला, की हे काही फारसं अवघड नाही. व्हाइट यांना बाहेर फारसं काही काम करायचं नव्हतं, हे त्या आनंदात विसरलं गेलं. वर्षभराने, ५ जून १९६६ रोजी, अमेरिकेच्या जेमिनी ९ए यानातल्या जीन सर्नन यांना काम करायचं होतं. यानाच्या मागच्या बाजूला जाऊन पाठीवर बांधायचं एक उडण्याचं यंत्र चालू करायचं होतं. पाय रोवायला धड जागा नाही, धरायला पुरेसे दांडे नाहीत. एखादी मूठ उजवीकडे फिरवावी तर अख्खं शरीर डावीकडे वळतं. सगळी ताकद स्वतःला जागेवर ठेवण्यातच गेली. सूट हवेने थंड होत होता, त्याला एवढा घाम झेपेना, हेल्मेटची काच आतून धुक्याने भरली आणि काम अर्धवट टाकून त्यांना आत यावं लागलं. जेमिनी १० आणि ११च्या वेळीही बाहेर गेलेल्यांची दमछाक झालीच.

नोव्हेंबर १९६६मध्ये जेमिनी १२चे बझ ऑल्ड्रिन तीन खेपांत मिळून साडेपाच तास बाहेर राहिले आणि फारसे दमले नाहीत. त्यांनी बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या जलतरण तलावात सूट घालून सगळा क्रम घोटला होता. हे सगळे सांगतात. पण त्या यानावर पाय अडकवायच्या खोबण्या, जास्तीचे दांडे, कमरेचे पट्टे आणि वेळापत्रकात ठरवून ठेवलेले विसावेही होते, हे फार कमी जण सांगतात. माझ्या मते श्रेय निम्मं-निम्मं वाटलं पाहिजे. मात्र पाय कुठे अडकवावे लागतील आणि विसावा कुठे लागेल, हे कळायला पाण्यासारखी दुसरी जागा नव्हती, हेही खरं.

आज या सरावाची सर्वांत मोठी जागा म्हणजे ह्यूस्टनमधला नासाचा तलाव, न्यूट्रल बॉयन्सी लॅब. ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल, पाणी सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर. तळाशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या भागांच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती आहेत. भागांच्या म्हणायचं कारण असं, की अख्खं स्थानक १०९ मीटर लांब आहे, ते या तलावात मावतच नाही. त्यामुळे प्रत्यक्षात एका रांगेत असलेले तुकडे इथे शेजारी-शेजारी मांडावे लागतात. म्हणजे हातांना ओळखीच्या झालेल्या दांड्यांचा क्रम खरा, पण ‘इथून तिथे किती लांब’ हा अंदाज इथे घेऊन चालत नाही. तो नकाशावरून आणि आभासी वास्तवाच्या सरावातून वेगळा घ्यावा लागतो. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीतही १२ मीटर खोल, गोल हायड्रोलॅब आहे, तिथे रशियन ओर्लान सूट घालून हाच सराव चालतो.

सूटमध्ये उतरण्याआधी नासाच्या उमेदवाराला पोहण्याची परीक्षा द्यावी लागते: २५ मीटरच्या तलावात न थांबता तीन लांब्या, मग उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून पुन्हा तीन, आणि त्याच पोशाखात दहा मिनिटं जागच्या जागी तरंगणं. वेळेची अट नाही, वेग कोणी पाहत नाही. मग स्कूबाचं प्रशिक्षण. या दोन्हींचा उद्देश माफक आहे. पाण्याखाली काही बिघडलं तर माणूस घाबरून डायव्हरांच्या हातातून निसटू नये, एवढंच.

आता सरावाचा दिवस. सूट जमिनीवर सव्वाशे किलोंच्या घरात जातो, तो घालून चालणं शक्य नाही. अंतराळवीर आधी नळ्यांचं अंतर्वस्त्र घालतो. त्यात सुमारे ९० मीटर बारीक नळी शिवलेली असते आणि तिच्यातून थंड पाणी खेळतं. मग सूटचा खालचा, पँटसारखा भाग. मग चौकटीला टांगलेल्या छातीच्या कडक कवचात खालून वर, हात उंचावून शिरायचं. हा क्षण बाहेरून गमतीदार दिसतो, खांद्यांना मात्र तो सगळ्यांत वाईट. शेवटी हातमोजे आणि हेल्मेट. मग चौकटीसकट माणसाला क्रेन पाण्यात उतरवते. पाठीवरची पेटी इथे नुसती दिखाऊ असते. हवा, थंड पाणी आणि आवाज हे सगळं एका जाड नळाच्या जुडग्यातून वरून येतं. सूटमध्ये भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ३० किलोपास्कल जास्त दाब ठेवलेला असतो. खऱ्या अंतराळात सूट जेवढा ताठर असतो तेवढाच तो इथेही राहावा म्हणून.

पाण्यात गेल्यावर पहिलं काम डायव्हरांचं, आणि सगळ्या दिवसाची मदार त्यावर असते. सूटमधला माणूस बुडूही नये आणि वरही येऊ नये, एवढ्याने भागत नाही. तो कुठल्याही बाजूला आपोआप वळताही कामा नये. त्यासाठी सूटवर ठिकठिकाणी खिसे असतात. डायव्हर त्यांत शिशाची वजनं आणि फोमचे तुकडे घालत-काढत राहतात. मग माणसाला पालथं करून सोडतात, उताणं करून सोडतात, कुशीवर, डोकं खाली. प्रत्येक स्थितीत तो जिथे सोडला तिथेच थांबला पाहिजे. पाय हळूच वर येऊ लागले तर घोट्याकडे थोडं वजन. पालथा केल्यावर आपसूक उताणा होऊ लागला तर पाठीकडचं वजन छातीकडे. हे काम घाईत उरकलं तर पुढचे सहा तास त्या माणसाचे एका बाजूला ओढणाऱ्या स्वतःच्याच सूटशी झगडण्यात जातात. दुपारी दुखणारा दंड कामाने दुखला की चुकलेल्या वजनाने, हे मग कोणालाच कळत नाही. वर्षानुवर्षं हेच करणारे डायव्हर माणसाचा बांधा पाहूनच सुरुवातीची वजनं ठरवतात. प्रशिक्षणातल्या नावाजलेल्या लोकांपेक्षा मला या कामाचं कौतुक जास्त वाटतं.

सूटमध्ये साधी हवा भरत नाहीत. श्वासाला ४६ टक्के ऑक्सिजन असलेलं नायट्रॉक्स मिश्रण असतं. पाण्याखाली सहा तास म्हणजे दाबाखाली सहा तास. साध्या हवेतला नायट्रोजन तेवढ्या वेळात रक्तात आणि चरबीत बराच मुरतो आणि वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडू पाहतो. नायट्रोजनचं प्रमाण कमी ठेवलं की तो धोका घटतो. तरीही उपचारासाठी दाबकक्ष तलावाशेजारीच तयार असतो. गंमत अशी, की अंतराळात हीच अडचण उलट्या दिशेने येते. स्थानकात समुद्रसपाटीइतका, सुमारे १०१ किलोपास्कल दाब असतो आणि अमेरिकन सूटमध्ये जेमतेम ३० किलोपास्कल, तोही शुद्ध ऑक्सिजनचा. थेट बाहेर पडलं तर सांध्यांत बुडबुडे. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन नायट्रोजन काढून टाकायचा. काहीच खटपट न करता सूटमध्ये नुसतं बसून राहायचं तर त्याला चार तास लागतात. म्हणून पर्याय निघाले: आदली रात्र ७० किलोपास्कलच्या एअरलॉकमध्ये झोपून काढणं, मास्क लावून सायकल मारणं किंवा सूट घालूनच पाय हलकेच हलवत राहणं. व्यायामाने रक्त फिरतं, नायट्रोजन लवकर निघतो. या क्रमाचाही सराव असतो, कारण मध्ये मास्क क्षणभर काढला गेला तरी वेळेचा हिशोब बिघडतो.

मग सूटमध्ये दाबच जास्त का ठेवत नाहीत? कारण बोटं. हवा भरलेली सायकलची ट्यूब वाकवून पाहावी, तशी प्रत्येक मूठ दाबाविरुद्ध वळवावी लागते, आणि सोडली की मोजा आपणहून उघडतो. ओर्लान सूटमध्ये ४० किलोपास्कल दाब असतो. त्यामुळे ऑक्सिजनची पूर्वतयारी अर्ध्या तासावर येते, पण मोजे जास्त ताठर. एकीकडे वेळ वाचतो तर दुसरीकडे हात दमतात. स्पेसवॉकमध्ये पायांना जवळजवळ काहीच काम नसतं. माणूस हातांनी चालतो, एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर. त्यामुळे नवशिक्याला पहिली सवय मोडावी लागते ती घट्ट धरण्याची. दोन बोटांच्या आधाराने शरीर थांबतं, मूठ आवळायची गरज नसते. पहिल्या तासात मुठी आवळणाऱ्याचे हात चौथ्या तासात साधा हूकही दाबू शकत नाहीत. मोज्यांचं आणखी एक देणं म्हणजे नखं. बोटांची टोकं मोज्याच्या टोकाला आत सतत दाबली-घासली जातात, घामाने त्वचा मऊ होते आणि नख मुळापासून सुटतं. ही या सरावातली अगदी नेहमीची इजा आहे. मोज्याचं माप मिलिमीटरच्या हिशोबाने का घेतात, ते यावरून कळावं.

आता पाण्याचं खोटं. पहिलं: सूट तरंगतो, आतला माणूस तरंगत नाही. गुरुत्वाकर्षण कुठेही गेलेलं नसतं. डोकं खाली केलं की आतलं शरीर घसरतं, सगळा भार खांद्यांवर आणि मानेवर येतो, रक्त डोक्यात उतरतं. अंतराळात ‘उलटं’ असं काही नसतं, तिथे हेच काम आरामात होतं. इथे खांद्याचे स्नायू दुखावतात, काहींच्या खांद्यांवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली आहे. म्हणून उलट्या स्थितीतला वेळ मोजून-मापून दिला जातो आणि कवचात पट्टे व गाद्या घालतात.

दुसरं खोटं जास्त फसवं. पाणी हालचालीला विरोध करतं. पाण्यात एखादी मोठी पेटी ढकलली आणि हात काढला की ती थोडी पुढे जाऊन थांबते. अंतराळात ती थांबत नाही. शरीर वळवलं तर पाण्यात वळणं आपोआप थांबतं, वर ते दांडा धरून थांबवावं लागतं. म्हणजे पाण्यात सुरू करायला जोर लागतो आणि थांबणं फुकट, वर सुरू करणं सोपं आणि थांबवायला पुन्हा तेवढाच जोर. प्रशिक्षक सारखे ‘हळू’ म्हणत असतात ते यासाठी. घाईची हालचाल पाणी झाकून टाकतं, तिची किंमत वर दिसते.

याचा फटका मे १९९२मध्ये एंडेव्हर या अमेरिकी स्पेस शटलच्या पहिल्याच उड्डाणात बसला. भरकटलेला इंटेलसॅट उपग्रह पकडायला पिएर थुओ एक खास बनवलेला दांडा घेऊन गेले. दांडा उपग्रहाला टेकवून दाबायचा, की कड्या बंद होणार, असा बेत. पण चार टनांचा तो उपग्रह नुसत्या स्पर्शाने डुगडुगत दूर जाई. जमिनीवरच्या सरावातला नमुना घर्षणामुळे तसा निसटत नसे. दोन दिवस प्रयत्न फसले. शेवटी १३ मे रोजी तिघे जण एकदम बाहेर गेले आणि तिघांनी मिळून उपग्रह हातांनी धरला. स्पेसवॉक आठ तास २९ मिनिटं चालला. तीन माणसं एअरलॉकमध्ये मावतील का आणि कुठे उभी राहतील, हे आदल्या दिवशी ह्यूस्टनमध्ये इतर अंतराळवीरांनी तपासलं, पाण्याच्या टाकीतच! जागा आणि हाताची पोच याबाबत पाणी खरं बोलतं. जड वस्तूच्या हालचालीबाबत नाही.

म्हणून जड वस्तूंचा सराव दुसरीकडे होतो. एक म्हणजे एकदम सपाट, गुळगुळीत फरशी, जिच्यावर वस्तू हवेच्या पातळ थरावर सरकते. घर्षण जवळजवळ नाही, पण हालचाल एका पातळीतच. दुसरं म्हणजे डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा आणि हातात तारांनी ओढलेल्या शार्लट नावाच्या यंत्रमानवाच्या मुठी. संगणक हिशोब करून त्या मुठींना शेकडो किलोंच्या पेटीसारखं वागायला लावतो. इथे थांबवायला विसरलं की मनगट लगेच सांगतं. तिसरं एआरजीओएस नावाची क्रेन: माणसाला वरून टांगते आणि हालचालीगणिक त्याचं वजन उचलून धरते. तिथे पाण्याचा विरोध नाही, पण पट्टे अंगाला रुततात. कुठलंही एक साधन पुरेसं नाही, हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

पाणी थंडीही शिकवत नाही. पाणी सुखद कोमट असतं, तर वर ऊन-सावलीत धातूचं तापमान शून्याच्या दोन्ही बाजूंना शंभर अंशांहून जास्त सरकतं. हबल दुर्बिणीच्या पहिल्या दुरुस्तीची तयारी करताना, १९९३मध्ये, स्टोरी मसग्रेव्ह यांच्या बोटांना निर्वात कक्षातल्या चाचणीत हिमदंश झाला. ते जमिनीवर झालं हे बरंच झालं. निर्वात कक्षाची धास्ती घ्यायला जागा आहे. १४ डिसेंबर १९६६ रोजी जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या सूटची नळी अशाच कक्षात निसटली. साधारण १४ सेकंदांत शुद्ध गेली. शुद्ध जाण्याआधीची शेवटची आठवण म्हणजे जिभेवरची लाळ उकळल्यासारखी बुडबुडतेय. कक्षात हवा भरून त्यांना वाचवलं.

एवढ्या सगळ्यात सर्वांत जास्त वेळा घोटली जाते ती कंटाळवाणी गोष्ट: टेदर, म्हणजे आधाराची दोरी. मुख्य टेदर म्हणजे पोलादी तारेची गुंडाळी, एक सुमारे १७ मीटरची, दुसरी २६ मीटरची. शिवाय कमरेला छोटे पट्टे, आणि प्रत्येक हत्यारालाही स्वतःचा पट्टा. नियम एकच: नवा हूक लागल्याशिवाय जुना काढायचा नाही. हूक लावल्यावर नुसतं बघायचं नाही, मोठ्याने म्हणायचं: कडी बंद, खिटी लॉक, काळ्यावर काळं. हुकावरच्या काळ्या खुणा समोरासमोर आल्या म्हणजेच लॉक खरा बसला. पुढे हूक हलकेच ओढून पाहायचा. जाताना ज्या दांड्यांखालून तार गेली त्याच वाटेने परत यायचं, नाही तर तार स्थानकाच्या एखाद्या भागाला वेटोळं घालते आणि जोडीदाराला येऊन सोडवावी लागते.

हे सगळं माहीत असूनही वस्तू सुटतात. नोव्हेंबर २००८मध्ये ग्रीसची बंदूक गळली. हायडमरी स्टेफनिशिन-पायपर ते पुसत असताना हत्यारांची एक पिशवी निघून गेली, ती कशालाच अडकवलेली नव्हती. नोव्हेंबर २०२३मध्ये पुन्हा एक पिशवी गेली. चूक बहुधा मुख्य कामात होत नाही. काहीतरी अनपेक्षित घडलं, लक्ष तिकडे गेलं आणि मधला एक हूक राहिला, असंच होतं. पाण्यात सुटलेली वस्तू डायव्हर हसत आणून देतो. ही सोय फार वाईट सवय लावते असं माझं मत आहे.

स्वतः माणूसच सुटला तर? अमेरिकन सूटच्या पाठीवर सेफर नावाचा छोटा जेट पॅक असतो: नायट्रोजन वायू, २४ नोझल, आणि एकूण वेग बदलता येतो तो फक्त सेकंदाला सुमारे तीन मीटर एवढाच. याचा सराव पाण्यात होऊच शकत नाही, तो आभासी वास्तवात होतो. प्रशिक्षक माणसाला गरगरत सोडून देतो. क्रम असा: आधी यंत्राकडून गरगर थांबवून घ्यायची, मग वळून स्थानक कुठे आहे ते शोधायचं, नेम धरायचा आणि मगच पुढे. नवखे लोक स्थानक दिसताक्षणी जोरात निघतात, मग नेम चुकला म्हणून वायू दुरुस्तीत जातो, आणि पोचल्यावर वेग मारायला काही उरत नाही.

जोडीदार बेशुद्ध पडला तर त्याला एअरलॉकपर्यंत न्यायचा सराव मात्र पाण्यातच होतो. सूटमधला राखीव ऑक्सिजन साधारण अर्ध्या तासाचा असतो, म्हणून घड्याळ लावूनच हा सराव करतात. अडचण ताकदीची कमी, क्रमाची जास्त. त्याचा टेदर आपल्याला जोडा, त्याचे बाकीचे हूक सोडवा, दांड्यामागून दांडा पुढे जाताना त्याचे पाय कुठे अडकतात ते पाहा आणि एअरलॉकच्या अरुंद तोंडातून आधी कोण आत जाणार ते बाहेरच ठरवा. ते आत ठरवायला गेलं की दोन सूट तोंडाशी फसतात.

बिघाडाचा सराव किती कामी येतो आणि कुठे अपुरा पडतो, दोन्ही १६ जुलै २०१३ रोजी दिसलं. स्थानकाबाहेर काम करणारे इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये डोक्यामागून पाणी येऊ लागलं. वजनरहित अवस्थेत पाणी खाली साचत नाही. ते कानांवर, मग डोळ्यांवर, मग नाकावर चढलं. सूर्यही मावळला. दिसेना आणि ऐकूही नीट येईना, तेव्हा टेदरच्या गुंडाळीची हलकी ओढ कुठून येते त्या दिशेने ते चाचपडत एअरलॉकपर्यंत पोचले. दीड लिटरच्या आसपास पाणी जमलं होतं. कारण पुढे सापडलं. पंखा, पंप आणि पाणी वेगळं करणारा भाग ज्या एका यंत्रात असतो त्याची बारीक भोकं सिलिकाच्या कणांनी बुजली होती, त्यामुळे थंडाव्याचं पाणी हवेच्या मार्गात घुसलं. खरी चूक मात्र आठवड्याभरापूर्वीची. ९ जुलैच्या स्पेसवॉकनंतरही याच हेल्मेटमध्ये पाणी दिसलं होतं आणि ‘प्यायच्या पाण्याची पिशवी गळली असेल’ म्हणून ते सोडून दिलं गेलं. त्यानंतर हेल्मेटमध्ये पाणी शोषणारी गादी आणि सूटच्या खालच्या भागातली हवा तोंडाशी आणणारी नळी आली. बाहेर असताना अधूनमधून डोकं मागे टेकवून गादी ओली लागते का ते सांगायचं, मोज्यांना चीर गेली आहे का ते पाहायचं, हे आता क्रमातच आहे. मोज्यांकडे लक्ष का ठेवायचं, ते २००७मध्येच दिसलं होतं. त्या ऑगस्टमध्ये रिक मास्ट्राकियो यांच्या मोज्याच्या बाहेरच्या थरांना भोक दिसलं आणि त्यांना लवकर आत बोलावलं होतं.

पूर्वी स्थानक बांधलं जात होतं तेव्हा बाहेरच्या प्रत्येक तासामागे तलावात सात तास अशी ढोबळ आकडेवारी होती, कारण नेमकं काम आधीच माहीत असे. आता माणूस स्थानकावर सहा-सहा महिने राहतो आणि काय बिघडेल ते माहीत नसतं. म्हणून कामं शिकवण्यापेक्षा हातोटी शिकवतात: बोल्टचे फेरे आणि जोर पिस्तुलासारख्या ड्रायव्हरवर कसे लावायचे, पाय अडकवायची चौकट स्वतः कशी फिरवायची, छातीवरच्या पाट्या मनगटावरच्या आरशात कशा वाचायच्या (त्यासाठी त्या उलट्या अक्षरांत छापलेल्या असतात). प्रत्यक्ष काम निघालं की जमिनीवरचे लोक आधी तलावात करून पाहतात आणि मग क्रम वर पाठवतात. जुलै २०१०च्या अखेरीस स्थानक थंड ठेवणारा अमोनियाचा पंप बंद पडला तेव्हा असंच झालं. तरी जोडणीची एक कडी हलेना आणि अमोनिया गळाला, दोन स्पेसवॉकचं काम तीनवर गेलं. अमोनिया अंगावर उडालाच तर उन्हात थांबून तो उडून जाऊ द्यायचा, एकमेकांचे सूट ब्रशने झाडायचे आणि एअरलॉकमध्ये हवा तपासूनच हेल्मेट काढायचं, हा सराव त्यासाठीच असतो. सप्टेंबर २०१२मध्ये सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांनी बोल्टच्या भोकातला धातूचा चुरा काढायला टूथब्रश बांधून हत्यार बनवलं. तलावात हा टूथब्रश कुणी शिकवला नव्हता, पण अडलेला बोल्ट जोर लावून फिरवायचा नाही, हे पक्कं शिकवलेलं होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच तलावात कळत नाही: सूटचं माप. वर गेल्यावर पाठीचा कणा ताणला जातो, उंची काही सेंटिमीटरनी वाढते आणि खाली बरोबर बसलेलं कवच वर वेगळं लागतं. मार्च २०१९मध्ये अ‍ॅन मॅक्लेन यांना पहिल्या स्पेसवॉकनंतर कळलं की मध्यम मापाचं कवच जास्त बरं बसतं. वापरायला तयार असं मध्यम कवच एकच होतं, त्यामुळे पुढच्या स्पेसवॉकची जोडी बदलली.

आता त्याच तलावात चंद्राची तयारी चालू आहे. तळाशी वाळू पसरली आहे. सूट तरंगता न ठेवता त्याचं वजन एक षष्ठांश राहील इतकं शिसं घालतात. तलावाचे दिवे मालवतात, भिंतींवर काळे पडदे सोडतात आणि एकच प्रखर दिवा लावतात, कारण चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी सूर्य क्षितिजालगत असतो आणि सावल्या लांबच लांब पडतात. त्या उजेडात खड्डा आणि सावली यांतला फरक ओळखणं, पडल्यावर उठणं, वाकून दगड उचलणं हे पाण्यात चांगलं शिकता येतं. धुळीचं मात्र पाण्यात काहीच खरं नाही. तलावात पायाने उडालेली वाळू गढूळ ढग होऊन रेंगाळते, चंद्रावर हवाच नसल्याने ती कमान करून सरळ खाली पडते. हातोडाही पाण्यात जोरात फिरत नाही, म्हणून तो सराव कोरड्यात, क्रेनला टांगून करतात.